नवा टायर स्टेपनीला

आमच्या घरी स्कूटरला माहेर होतं. माझं तेच तिचं. आणि तिचं काही दुखलंखुपलं की माहेरी मला पाठवायचे. क्लचची वायर तुटली, मी माहेरी. सीट फाटली, मी माहेरी. किकचं रबर झिजून गळून पडलं, तर त्या एवढ्याशा रबरासाठीसुद्धा सासूबाईंनी मला नेरूळहून कोपरखैरण्याला दुपारच्या बसने पिटाळलं होतं. पिटाळताना शब्द मात्र गोड असायचे. "जा गं, चार दिवस राहून ये वडलांकडे." शेजारची बाई म्हणायची, नशीबवान आहेस, अशी सासू कुठे मिळते आजकाल. चार दिवस म्हणजे वस्तू हातात पडेपर्यंत, हे सासूबाईंना ठाऊक होतं आणि मलाही. शेजारच्या बाईला सांगून काय उपयोग होता.

स्कूटर माझ्या लग्नात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलेली. हुंडा नव्हे बरं का. हुंडा आम्ही घेत नाही, असं बैठकीत माझ्या नवऱ्याच्या मामांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. "आम्हाला काही नको. तुमच्या मुलीला तुम्हाला हौसेने काय द्यायचं ते द्या. मुलाचं ऑफिस बेलापूरला, स्टॅंडपर्यंत चालत जावं लागतं, एवढंच." एवढंच म्हटल्यावर आप्पांना समजलं. मांडवाच्या दारात लाल रिबीन बांधून गाडी उभी राहिली तेव्हा नवरा मला बघत नव्हता, गाडीला बघत होता. मी तेव्हा त्याला 'अहो' म्हणायचे. आता लिहिताना नुसतं 'नवरा' लिहिते. त्याने काही बिघडत नाही.

गाडीची एक गंमत होती. पाहुण्यांसमोर उभी असली की ती 'आमची गाडी' असायची आणि बंद पडली की 'त्यांची गाडी' व्हायची. धर्माची गाय अन् दात का गं नाय, अशातली गत. फुकट आलेल्या गाईला दात नाहीत म्हणून रडायचं, आणि वर दातही तिच्या बापानेच बसवून द्यायचे.

माझे आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. ट्रकमधून गोणी पाठीवर घ्यायची आणि गाळ्यात नेऊन थप्पीला लावायची, हे काम. साताऱ्याकडून तरुणपणी आले ते आधी मुंबईतल्या जुन्या बाजारात आणि बाजार इकडे हलला तसे इकडे. आई मी लहान असतानाच गेली. त्यांनी मला एकट्याने वाढवलं, ते पाठीवर गोण्या घेऊनच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "कंबर हाय तवर भाकर." टोळीत जो उचलतो त्याचा वाटा. उचलता येईना झालं की टोळीतले लोक थोडे दिवस सांभाळून घेतात, मग तोच माणूस लाजेने यायचा बंद होतो. आप्पांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. रात्री निजताना ते कमरेला तेल चोळायचे आणि सकाळी काही झालंच नाही अशा तोऱ्यात जायचे. मला आत कुठेतरी सारखी धाकधूक असायची. ही कंबर गेली की आमचं सगळंच गेलं, एवढं मला कळत होतं.

तर लग्नाला तीनेक वर्षं झाली आणि गाडीचे टायर टकले झाले. पुढचा झाला, मागचा तर पारच गेला. स्टेपनीवरचा आधीच ठिगळं लावलेला. नवरा चाकावरून बोट फिरवायचा आणि माझ्याकडे असं बघायचा की जणू मीच रात्री उठून घासून ठेवलेत. एकदा नेरूळ स्टेशनच्या उतारावर गाडीचं मागचं चाक सटकलं. पडलो नाही, पण माझी एक चप्पल गटारात गेली. घरी आल्यावर नवऱ्याने आईला चपलेचं नाही सांगितलं, चाकाचं सांगितलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग सांग की तिच्या वडलांना. गाडी दिली म्हणजे झालं का? गाडी त्यांची, टायर काय आमी घालायचे?"

नवरा म्हणाला, "आईचं बरोबर आहे. वस्तू दिली तर ती चालेल एवढं बघायला नको का."

मी म्हटलं, "पेट्रोलही त्यांनाच सांगू का?"

त्यावर सासूबाईंनी मान वर केली. भाजीचं ताट बाजूला सारलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "उचलली जीभ लावली टाळ्याला. जा, चार दिवस राहून ये."

मी गेले. आप्पा जेवत होते. सांगायचं कसं याची मी बसमध्ये चारदा उजळणी केली होती, पण त्यांच्यासमोर बसल्यावर सरळ तोंडातून निघून गेलं, "टायर मागितलेत." ते घास चावत राहिले. "दोन्ही?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी परत विचारलं, "मागचाबी गेलाय?"

"मागचाच जास्त गेलाय."

तेव्हा मात्र त्यांचा हात ताटात थांबला. "तू मागंच बसती न्हवं?" म्हणाले. बाकी काही नाही. किती लागतील, कुठून आणू, हे जावयाला कसं शोभतं, काही काही नाही. मला त्या क्षणी त्यांचाच राग आला. एखादी शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मुलीच्या बापाला शिवी येत नाही, हे आमच्याकडे बापच एकमेकांना शिकवतात.

रविवारी मार्केट बंद, म्हणून रविवार ठरला. तुर्भे नाक्याच्या जरा पुढे, हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं दुकान होतं. आम्ही दोघं गाडीवरून गेलो. आप्पा आधीच येऊन उभे होते, धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी. लग्नकार्याला निघाल्यासारखे. जावयाला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. जावयाने गाडी स्टँडवर लावली, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "या मामा, बघू काय आहे ते." जणू आप्पाच त्याला भेटायला आले होते.

नवऱ्याने टायर निवडायला जो वेळ घेतला तो बघण्यासारखा होता. मला बघायला आला होता तेव्हा पोहे संपायच्या आत उठला होता. इथे त्याने एकेक टायर उभा करून फिरवला, आत हात घातला, नक्षीत नख रुतवून बघितलं, वास घेतला. हो, वास. चौकडीची नक्षी चांगली की सरळ रेघांची, यावर दुकानदाराशी हिंदीत वाद घातला. कंपनीचं नाव वाचायचा, नाक मुरडायचा, दुसरं काढायला सांगायचा. दुकानदाराने एकदा रिमोल्ड पुढे केला. म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, स्वस्तातला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. तरी नवरा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुमच्या मनात हे असेल तर तसं सांगा. लाजायचं काय त्यात."

"न्हाई न्हाई," आप्पा घाईघाईने म्हणाले. "नवाच घ्या, पाव्हणं. चांगल्यातला घ्या."

मग नवऱ्याने चांगल्यातला घेतला. आणि म्हणाला, "तीन द्या. स्टेपनीला पण लागेल."

आप्पा दोनाच्या तयारीने आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते टोपी काढून पुन्हा नीट घालत होते, डोक्यावर ती आधीच नीट होती. "आज दोन घिऊ," ते म्हणाले. "तिसरा मागनं बघू." नवरा "बरं, बरं" म्हणाला, मोठ्या मनाने. त्याची ती क्षमा मी आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्याच्या खिशातलं कमी मिळालं म्हणून त्यालाच माफ करणारी माणसं मी पुढे खूप बघितली, पण पहिला तोच.

दुकानदाराने पान्हा उचलला आणि मागच्या चाकाला हात घातला. त्या काळच्या स्कूटरची स्टेपनी धरून तिन्ही चाकं सारखीच, कुठलंही कुठेही बसतं. नवरा म्हणाला, "अरे थांब. एक पुढे टाक, दुसरा स्टेपनीला."

"साब, पीछे डालो," दुकानदार म्हणाला. "लोड तो पीछे आता है."

"म्हणूनच. मागचा लवकर झिजतो. नवा मागे टाकला की घातलाच खड्ड्यात. आधी जुना संपू दे, मग नवा काढू." हे मराठीत झालं, म्हणजे ते आमच्यासाठी होतं.

मी खरं सांगते, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या घरात सगळं असंच होतं. चांगले कप काचेच्या कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपात. नवी चादर पाहुण्यांना, आम्ही फाटकीवर. सोफ्याला कव्हर, कव्हरावर प्लास्टिक. आणि तोंडाने म्हणायचं, ठेवणीतलं. कुणासाठी ठेवणीतलं, ते कुणी विचारायचं नाही. पण कपातून चहा पितात आणि टायरवर माणूस बसतो, एवढा फरक त्या घरात कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

आप्पा एक पाऊल पुढे आले. "पाव्हणं, मागं टाका की नवा. पोर मागं बसती." आवाज इतका हळू, की देवापुढे काही मागत असावेत.

नवरा हसला. "मामा, पोत्यातलं तुम्हाला कळतं. गाडीतलं मला कळू द्या."

दुकानदारही हसला. आणि मग आप्पा हसले. तेच हसू मला डाचतं, दुकानदाराचं नाही. मी म्हणाले, "अहो, मागचा अगदीच..." नवरा मागे न बघताच म्हणाला, "तू गप." आणि आप्पांनीही मला डोळ्यांनी गप केलं. दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालं, तेही माझ्या गप्प बसण्यावर.

वर आप्पा मान हलवत म्हणाले, "बराबर हाय. नवं ठेवणीतच बरं." आता त्यांच्या ट्रंकेतही लग्नात आलेली घोंगडी घडीच्या घडीत पडून होती आणि ते थंडीत गोणपाट पांघरायचे, त्यामुळे ते नुसतं जावयाला खूश करायला बोलले की खरंच त्यांना पटलं, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल. आपली माणसं अशीच. मग ते आत बाकावर पाठ फिरवून बसले, सदऱ्याच्या आतली चंची सोडली आणि दुकानदाराचं भागवलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोन्ही टायरना हळदकुंकू लावलं. स्टेपनीवरच्या टायरचा प्लास्टिकचा कागद नवऱ्याने काढू दिला नाही. "राहू दे, धूळ बसते." ही स्टेपनी गाडीच्या मागे, सीटच्या पाठीला. म्हणजे मी बसले की ती माझ्या पाठीला. खाली टकला टायर आणि पाठीला नवाकोरा. कुणी मुद्दाम योजलं असतं तरी एवढं जमलं नसतं.

नव्या टायरला बारीक बारीक रबरी केस असतात. साच्यातून निघताना राहिलेले, उंदराच्या मिशीएवढे. टायर रस्त्याला लागला की दोन दिवसांत झडून जातात. पुढच्याचे गेले. स्टेपनीच्या टायरचा प्लास्टिकचा कागद पुढे उन्हाने फाटला, त्याच्या चिंध्या झाल्या, आणि ते केस बाहेर आले. साडीतून माझ्या पाठीला टोचायचे. मी हात मागे नेऊन ते चाचपायचे. सगळे जागच्या जागी. खाली मागचं चाक ओल्या रस्त्यावर सरकायचं, नवरा म्हणायचा, "नीट बस ना, तू हलतेस म्हणून गाडी हलते."

एकदा मी सरळ विचारलं, "आता तरी मागचा बदलायचा का? पावसाळा आहे."

"अजून चालतोय की. टेन्शन कसलं घेतेस? पडलीस का एकदा तरी?"

पडले असते तर म्हणाला असता, पडलीस ना, आता कशाला बदलायचा.

त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. अधिक महिना, म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा. जावयाला सासुरवाडीला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, वाण द्यायचं. जावई त्या महिन्यात विष्णू असतो म्हणे. सासूबाईंनी महिना लागायच्या आधीच आठवण केली होती, "आमची काही अपेक्षा नाही हो, पण रीत असते." माझी आई नाही, त्यामुळे माहेरी जाऊन माझ्याच नवऱ्याला विष्णू मानून धोंडे मलाच करून घालायचे होते. सकाळी लवकर जाऊन मी पुरण वाटलं. आप्पांनी जावयाला पाटावर बसवून पाय धुतले, टॉवेल-टोपी दिली, चांदीची छोटी वाटी दिली. नवरा जेवला. चार धोंडे खाल्ले आणि म्हणाला, तूप जरा कमी पडलं.

जेवणं झाल्यावर आप्पा म्हणाले, "विहीणबाईंस्नी कांदा काढून ठिवलाय गाळ्यात. लई चांगला माल हाय. रिक्षानं आणतो मी."

"रिक्षा कशाला, गाडी आहे ना," नवरा म्हणाला. "हिला घेऊन जातो, ही धरेल मांडीवर."

मी पदर खोचून निघालेच होते. बाहेर नुकतीच एक सर येऊन गेली होती. आप्पा दारात आडवे आले. "तू ऱ्हा. मार्केटात लई चिखल झालाय, घसरंल. मी बसतो." मला म्हणाले, भांडी घासून घे. मी ऱ्हायले. दारातून बघितलं, ते गाडीवर कसे बसावे ते न कळून आधी डावा पाय वर घेत होते, मग उजवा. आजवर स्वतः दिलेल्या गाडीवर ते एकदाही बसले नव्हते. बसल्यावर त्यांनी धरायला मागे हात नेला आणि स्टेपनीवरचा टायर पकडला.

भांडी घासून व्हायच्या आत त्यांच्या टोळीतला एक माणूस धापा टाकत आला. "पोरी, चल. आप्पा पडला."

वाटेत रिक्षात त्याने जेवढं सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. गाळ्यातून अर्धी गोणी घेऊन दोघं निघाले. भाजी मार्केटच्या गेटबाहेर पावसात नेहमी असतो तसा कुजका पाला, कोबीची पानं, टोमॅटोचा चिखल. पुढे टेम्पो थांबला. नवऱ्याने ब्रेक मारला. पुढचं चाक जागेवर थांबलं, नव्या टायरला शोभेल असं. मागचं मात्र थांबलं नाही, ते फिरून पुढे आलं. नवरा पाल्याच्या ढिगावर पडला. आप्पा रस्त्याच्या दगडी कडेवर पडले आणि गोणी त्यांच्या अंगावर. तिला त्यांनी दोन्ही हातांनी धरलेलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून एक गोणी कधी सुटली नव्हती, तीही सुटली नाही.

वाशीच्या सरकारी दवाखान्यात तळमजल्यावर, खिडकीशी त्यांची खाट होती. धोतराला कोबीचा पाला चिकटलेला. मी तो काढत बसले, दुसरं काय करायचं ते सुचेना. नवऱ्याच्या कोपराला खरचटलं होतं, तिथे पट्टी. तो उभा राहून डॉक्टरला, सिस्टरला, टोळीतल्या माणसाला, सगळ्यांना तेच सांगत होता, "मामांनी गोणी सोडली असती तर काही झालं नसतं. सोडायची ना गोणी. मी ओरडलो होतो." मग म्हणाला, "आईला सांगून येतो," आणि गेला.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन होईल, काठी घेऊन चालतील, म्हणाले. पण वजन उचलायचं नाही.

आप्पांनी विचारलं, "किती दिस?"

"आता कधीच नाही, बाबा."

आप्पांनी परत विचारलं, "आन् हलकी गोणी?"

"हलकी पण नाही."

त्यांनी मान वळवून खिडकीकडे केली. मला वाटलं रडताहेत, पण नव्हते रडत. पुढे ते काठीने चालले, दारापर्यंत, देवळापर्यंत. मार्केटात परत गेले नाहीत. मी पुढे काय केलं, नोकरी कशी धरली, ते घर कधी सोडलं, ते इथे सांगत नाही. इथे टायरचं चाललंय.

नवरा परत आला तो दिवेलागणीला. मी दुपारपासून अन्नपाण्यावाचून एकटी होते आणि औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खालीवर करत होते. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. आप्पांना कसं वाटतंय हे विचारायच्या आधी मला म्हणाला, "आईने विचारलंय गाडीला किती लागलं. मडगार्ड पार चेपलंय. मी म्हटलं, असू दे, मामांना बरं वाटलं की बघू."

मी ते नीट ऐकून घेतलं. मला माझ्या कानांवर विश्वास बसला नाही असं काही झालं नाही, बसला. मी उठून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला भर वॉर्डात, सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मडगार्ड? माझ्या बापाची कंबर मोडली आणि तुमचं मडगार्ड? नवा टायर त्यांच्या पाठीला बांधलेला होता. पाठीला. आणि खाली ते टकलं. काही लाज?"

नवरा दुखावल्यासारखा म्हणाला, "हळू बोल. म्हणूनच तर उशीर झाला ना मला. टायर बदलून घेतला येताना."

आप्पांनी मान हलवली, त्यांना दुखलं असणार, आणि विचारलं, "पाव्हणं, मागं काय टाकलं?"

"नवा टाकलाय मामा. स्टेपनीवरचा. आत्ताच."

आप्पांचा चेहरा सैल झाला. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते बघितलंय, म्हणून सांगते. दुपारपासून जो माणूस दात आवळून पडला होता, त्याला बरं वाटलं. "मग झालं," ते म्हणाले. "जा पोरी. घरी जा, दोन घास खा, सकाळी ये. बस गाडीवर. आता मागं नवा हाय."

"मी कुठे जात नाही."

"जा म्हणतो न्हवं. ह्यो माझा गडी हाय हितं रातीला." टोळीतला माणूस दाराशी उभा होता. आप्पांनी माझा हात धरून लोटल्यासारखं केलं. हातात ताकद तेवढीच होती, सकाळइतकीच. "बस. मला हितनं दिसतंय. बस तू."

मी बाहेर आले. गाडी गेटपाशी, खिडकीसमोर लावलेली होती. मागच्या मडगार्डला खोक पडलेली, स्टेपनीला आता तो जुना टकला. मी वाकून मागच्या चाकाला हात लावला. रबरी केस बरेचसे तसेच होते. दुकानापासून दवाखान्यापर्यंतच तर आलेली गाडी, झिजायला वेळ कुठे मिळाला होता. खिडकीत बघितलं तर आप्पांनी मान आमच्याकडे वळवली होती आणि हात उचलून, बस, बस, अशी खूण करत होते.

मी बसले. ते बघत होते म्हणून बसले. नाहीतर पायी नेरूळपर्यंत चालत गेले असते आणि वाटेत त्याला काय काय बोलले असते ते मलाच ठाऊक.

गाडी निघाली. मार्केटच्या रस्त्याला लागलो, तिथे अजून पाला पडलेला होता, चिखल होता, आणि ती दगडी कडही तिथेच होती. नवऱ्याने वेग कमी केला नाही. मागचं चाक जरासुद्धा सरकलं नाही. नवरा मान न वळवता म्हणाला, "बघ, केवढा फरक पडला."

मी "हो" म्हणाले.